काल एका सायकलवाल्याला जवळजवळ पाडलं. चूक कुणाची ते सांगा

कंटाळलेला_चालक | सोमवार, रात्री १०:४०

सरळ सांगतो. काल संध्याकाळी सातच्या सुमारास पाषाणहून सूसकडे चाललो होतो. शेजारी बायको, मागे मुलगी. वेग पन्नासच्या आसपास असेल. पुढे एक गृहस्थ साध्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला डबा बांधलेला. मी त्यांना ओलांडायला घेतलं आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी सायकल उजवीकडे घातली. हात दाखवणं नाही, मागे बघणं नाही. मी करकचून ब्रेक मारला. गाडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली असेल. ते पडले नाहीत. एक पाय टेकवून उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि परत पायडल मारत निघून गेले. शिवी अगदी ओठावर आली होती, मागे मुलगी होती म्हणून गिळली.

घरी येऊन डॅशकॅमचं चित्रण पाहिलं. पहिल्यांदा पाहताना मीच बरोबर. दुसऱ्यांदा पाहताना त्यांच्या पुढ्यात ड्रेनेजचं खचलेलं झाकण दिसलं. चांगलं चार बोटं खोल. त्यांनी ते चुकवलं होतं. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की मी त्यांच्या मागे होतो तेव्हाही आमच्यात अंतर असं नव्हतंच.

तर प्रश्न दोन. एक, सायकलवाले कडेकडेने का चालवत नाहीत? दोन, मी नेमकं काय वेगळं करायला हवं होतं? भांडायला विचारत नाहीये.

खडूस_पेठकर | सोमवार, रात्री ११:०५

यात विचारायचं काय? चूक सायकलवाल्याची. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, हात दाखवायचा नाही, सिग्नल लाल असला तरी यांना हिरवाच दिसतो. लक्ष्मी रस्त्यावर समोरून येतात आणि वर आपल्यालाच घंटी मारतात. लायसन नाही, नंबरप्लेट नाही, पकडणार कोणाला? तुम्ही ब्रेक मारलात म्हणून तो घरी जाऊन जेवला. देवाचे आभार माना आणि झोपा.

तीन_बाय_नऊ | मंगळवार, सकाळी ६:५०

पेठकर काका, सुप्रभात. मी रोज कोथरूड ते औंध सायकलने कामावर जाते, आठवं वर्ष चालू आहे. गाडीही चालवते, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

धागाकर्ते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही ज्याला कड म्हणता ती गाडीच्या काचेतून सपाट दिसते. सायकलवरून तिथे काय असतं ते सांगते. मातीचा थर, फुटलेल्या बाटलीचे तुकडे, डांबराचा थर संपतो तिथली पायरी, पावसाळी गटाराच्या जाळ्या. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने उभे असले तर बारीक टायर थेट आत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे. पावसात झाकणं आणि रंगवलेले पट्टे साबणासारखे. शिवाय उभ्या केलेल्या गाड्या. कोणत्या गाडीत माणूस बसलाय आणि कोण आता दार उघडणार, हे मागून येताना कळत नाही. माझा एकमेव मोठा अपघात दारामुळेच झाला. कॉलरबोन, सहा आठवडे. वेग किती होता माझा? फार तर पंधरा.

म्हणून कडेपासून निदान हातभर, आणि उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एका दाराएवढं अंतर ठेवून चालवायचं असतं. तुम्हाला ते 'मधोमध' वाटतं. तुमच्या त्या गृहस्थांनी उलट केलं. ते अगदी कडेने चालले होते, म्हणून झाकण आल्यावर त्यांना अचानक बाहेर यावं लागलं. मुळात थोडे आत असते तर वळावंच लागलं नसतं.

कडेने चालवण्याचा आणखी एक तोटा आहे. तुम्ही जितके कडेला जाल तितकं मागच्याला वाटतं, की इथून गाडी निघेल. मग तो घासून काढतो.

खडूस_पेठकर | मंगळवार, सकाळी ९:२०

ताई, कॉलरबोनचं वाईट वाटलं. पण मग रविवारी सिंहगडाच्या वाटेवर ते रंगीबेरंगी कपडेवाले दोघं-दोघं गप्पा मारत चालतात, त्याचं काय? खडकवासल्यापासून डोणज्यापर्यंत यांच्या मागे रांगायचं का आम्ही? निदान एकामागोमाग एक तरी चला.

तीन_बाय_नऊ | मंगळवार, दुपारी १:१५

डबा खाता खाता गणित मांडते.

शहरातली एक लेन साधारण साडेतीन मीटर. सायकल कडेपासून अर्धा मीटर सोडून, हँडल साठ सेंटिमीटर. झाले एक मीटर दहा. ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं म्हणतात. जर्मनीत २०२० पासून शहरात हा कायदाच आहे, शहराबाहेर दोन मीटर. आता बेरीज दोन मीटर साठ. लेनमध्ये उरले नव्वद सेंटिमीटर. तुमची गाडी पावणेदोन मीटर रुंद. बसवा.

म्हणजे नीट ओलांडायचं तर गाडीला पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं, सायकल एक असो की शेजारी-शेजारी दोन. उलट दहा जण एकामागोमाग चालले तर ती रांग लांबलचक होते आणि तुम्हाला समोरचा रस्ता तितका जास्त वेळ मोकळा लागतो. जोड्यांनी चालले तर रांग निम्मी. एवढं खरं, की मागे गाड्या साचल्या तर जागा मिळेल तिथे गटाने कडेला होऊन वाट द्यायला हवी. ते आमच्यातले सगळे करत नाहीत आणि तिथे मी तुमच्या बाजूची. वळणावर, घाटात तिघं-तिघं चालणाऱ्यांना मीच ओरडते.

निवृत्त_कारकून | मंगळवार, दुपारी ४:३०

थोडं अवांतर. आमच्या वेळी पुणं सायकलींचंच होतं हे खरं, पण मोकाट नव्हतं. सायकलवर कर होता, कर भरला की पालिकेचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो लावलेला नसला की दंड. रात्री दिवा नसला की हवालदार चौकात अडवून चाकातली हवा सोडायचा. डबलसीट दिसलं तरी तेच. मंडईजवळ पोलीस दिसला की मागचा टुणकन उतरून शेजारून चालायला लागायचा आणि पुढच्या गल्लीत परत बसायचा! चाकावर फिरून दिवा पेटवणारा डायनॅमो लावला की पायडल जड जायचं, म्हणून आम्ही तो चाकाला टेकवायचोच नाही. तेव्हा पेठकरांचा दिव्याचा मुद्दा मान्य. आज तर दोन-तीनशे रुपयांत चार्ज होणारा मागचा लाल दिवा मिळतो.

फरक एवढाच, की तेव्हा सायकलवाल्याने चूक केली तर तो दुसऱ्या सायकलवाल्यावर आदळायचा. गुडघा फुटायचा आणि दोघं मिळून चहा प्यायचे.

स्टेअरिंग_३२_वर्षं | मंगळवार, रात्री ९:५०

वाचतो नेहमी, आज पहिल्यांदा लिहितोय. शुद्धलेखनाला हसू नका. मी १९८६ ला पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, चालक म्हणून लागलो, २०१८ ला निवृत्त झालो. तोवर पीएमटीची पीएमपी झाली होती. देवदयेने माझ्या हातून जीव गेला नाही, पण दोनदा गेला असता. दोन्ही वेळा सायकल आणि दोन्ही वेळा डावं वळण. म्हणून लिहितो.

बारा मीटरची बस डावीकडे वळवायची असेल तर आम्हाला आधी तोंड उजवीकडे काढावं लागतं. कारण पुढच्या चाकाने जो मार्ग घेतला तो मागचं चाक घेत नाही. मागचं चाक आत कापतं. कोपरा छोटा असेल तर पार फुटपाथच्या कडेपर्यंत येतं. आता मागून येणाऱ्या सायकलवाल्याला काय दिसतं? बस उजवीकडे चालली, डावीकडे जागा झाली. तो घुसतो. मी वळवतो. तो आत, मागचं चाक त्याच्याकडे येतंय आणि मला काहीच दिसत नाही. मी बसलोय उजव्या कोपऱ्यात, तो डाव्या कुशीत. आरशात बसचा डावा पत्रा दिसतो, त्यावर दारात लोंबकळणारे प्रवासी. त्यांच्या मागे सायकल असली काय नि नसली काय.

आमचे एक जुने वस्ताद होते, ते नवीन मुलाला पहिल्या दिवशी बसच्या डाव्या बाजूला खाली उभं करायचे आणि दुसऱ्या मुलाला चालकाच्या सीटवर बसवून विचारायचे, दिसतो का? मग त्याला तिथेच पावलापावलाने पुढेमागे करायला लावायचे. निम्म्याहून जास्त जागी तो दिसायचाच नाही. दोन्ही मुलं गार.

सायकलवाल्यांना माझं सांगणं एवढंच. सिग्नलला बस, ट्रक, सिमेंटचा मिक्सर उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नका. मागे उभे रहा. धूर खावा लागेल, खा. आणि पुढे गेलातच तर इतके पुढे जा, की चालक तुम्हाला काचेतून बघू शकेल आणि तुम्ही त्याचं तोंड बघू शकाल. त्याचं तोंड दिसत नाही म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी नाहीच.

गाडीवाल्यांना पण एक सांगतो. सायकलवाल्याच्या मागे जाऊन हॉर्न मारू नका. माणूस दचकतो, मागे बघतो आणि मागे बघताना हँडल उजवीकडे जातंच. म्हणजे तुमच्याच गाडीकडे. लांबून एकदा हळू वाजवा, बास.

तीन_बाय_नऊ | मंगळवार, रात्री १०:०२

काका, दंडवत. आठ वर्षं सायकल चालवतेय, पण बस आधी उजवीकडे का जाते हे मला आज कळलं. सिग्नलला डावीकडून पुढे सरकायची सवय मलाही आहे.

खडूस_पेठकर | मंगळवार, रात्री १०:३०

+१. शुद्धलेखनाला हसणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

झेडपी_गुरुजी | बुधवार, सकाळी ७:३०

पुण्याची चर्चा चालू द्या, पण सायकल म्हणजे फक्त पुणे नाही म्हणून आमच्याकडचं सांगतो. मी परभणी जिल्ह्यात शिकवतो. आमच्या शाळेतल्या बऱ्याच लेकी शेजारच्या वाड्या-तांड्यांवरून येतात, चार-पाच किलोमीटर. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या म्हणून आठवीनंतर शाळा सुटली नाही, अशा कितीतरी आहेत. एसटीच्या वेळा जुळत नाहीत, रिक्षाला पैसे नाहीत, बाप एकटीला पायी पाठवत नाही.

या पोरी तिघी-तिघी शेजारून चालतात. जीपवाले त्यावरून शिव्या घालतात. मी एकदा वर्गात विचारलं, का गं अशा चालता? एक म्हणाली, सर, एकटी मागं राहिली की मोटरसायकलवाली पोरं त्रास देतात. आता यावर नियमाचं पुस्तक काय सांगणार? शेवटी ठरवलं, की गट सोडायचा नाही, पण मोठी गाडी आली की सगळ्यात मागची घंटी वाजवणार आणि सगळ्या एका रांगेत येणार. मागची मुलगी रोज वेगळी. महिन्याभरात अंगवळणी पडलं.

आमच्याकडे खरी भीती कारखाना सुरू झाल्यावरची. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रेडियम. हिवाळ्यात सहालाच अंधार आणि जादा तासाच्या पोरी त्याच वेळी घरी निघतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या टिपऱ्याने मागच्या वर्षी एकीच्या गालाला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

मग स्टेशनरीच्या दुकानातून रेडियमची पट्टी आणली, लाल आणि पांढरी. शनिवारी शाळेतच सगळ्या सायकलींच्या मडगार्डला आणि चाकांच्या तारांना लावली. तारांची पट्टी फिरते, म्हणून बाजूने येणाऱ्याला लांबून कळतं, की ही सायकल आहे. उरलेली पट्टी पोरांनी कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून ट्रॉल्यांच्या मागे चिकटवली. ड्रायव्हर हसत होते, पण कोणी नाही म्हटलं नाही. एकाने तर दुसऱ्या दिवशी थांबून अजून मागितली.

उत्रेख्तची_सून | बुधवार, दुपारी १२:१०

गुरुजी, वाचून गप्पच झाले.

मी अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. इथलं सांगितलं की 'आपल्याकडे कसं शक्य आहे' असं ऐकावं लागतं, म्हणून आधी हे सांगते, की इथेही आधीपासून असं नव्हतं. १९७१ साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात शेकड्यांनी लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, त्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. पुढे तेलाचं संकट आलं. त्यानंतर हळूहळू वेगळे मार्ग, वस्तीत कमी वेग, हे सगळं होत गेलं. माझ्या मुलाची शाळेतच वाहतुकीची परीक्षा झाली, प्रत्यक्ष रस्त्यावर, कोपऱ्याकोपऱ्यावर पालक कागद घेऊन उभे.

कायद्यातली एक गोष्ट नवऱ्याला गाडी घेतल्यावर कळली. गाडीने सायकलला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी मुळात गाडीवाल्याची धरली जाते. आपली चूक नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. सायकलवरचं मूल चौदा वर्षांखालचं असेल तर मुलाची चूक असली तरी जवळजवळ नेहमी सगळी भरपाई गाडीवालाच देतो. हे ऐकल्यापासून नवरा शाळेजवळून गाडी ढकलत नेल्यासारखी नेतो.

आणि ताईंच्या कॉलरबोनसाठी एक. इथे दार उघडायचं ते लांबच्या हाताने. इकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजव्या हाताने. आपल्याकडे चालक उजवीकडे, तर डाव्या हाताने. करून बघा. खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. आरसा दिसतो, मागून येणारा दिसतो. मागे डावीकडे बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा. मुलांना शिकवलं तर दोन दिवसांत सवय लागते. आईला मात्र फोनवर तीनदा सांगावं लागलं.

काळा_कोट_पांढरी_सायकल | बुधवार, रात्री ८:४५

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं थोडक्यात.

सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे लायसन, विमा, नंबर यातलं काही लागत नाही. याचा अर्थ सायकलस्वाराला हक्क नाहीत असा नाही. गाडीने धडक दिली तर गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून सायकलस्वाराला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. सायकलवर कामाला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांना हे माहीतच नसतं आणि दहा-वीस हजारांत प्रकरण चौकातच मिटतं. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. म्हणून 'जाऊ दे, लागलं नाही फार' म्हणून घरी जाऊ नका. फार लागलंय की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं.

आणि बघ्यांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, नाव सांगायची सक्ती करू शकत नाही. १०८ लावा आणि थांबा.

पेठकर, सायकलवाला उलट्या दिशेने आला आणि त्याच्यामुळे अपघात झाला तर भरपाई कमी होते. तोही मोकळा सुटत नाही. झोप लागेल ना आता?

खडूस_पेठकर | बुधवार, रात्री ९:०१

आम्ही दुपारीच झोपतो. एक ते चार.

कंटाळलेला_चालक | रविवार, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला. सगळे प्रतिसाद वाचले, बायकोनेही वाचले (ती पेठकरांच्या बाजूची आहे).

आज सकाळी मुलीची सायकल काढली, हवा मारली आणि त्याच रस्त्याने गेलो. चार किलोमीटर, येताना धाप लागली. त्या झाकणापाशी पोचलो तेव्हा मागून एक पांढरी गाडी आली. मला ती दिसली नव्हती, फक्त टायरचा आवाज आला आणि डावं हँडल आपोआप कडेला गेलं. गाडी गेली. अंतर मला तर हातभरही वाटलं नाही. चालवणाऱ्याला ते पुरेसं वाटलं असणार, मलाही गेल्या रविवारी वाटलंच होतं. पन्नासच्या वेगाला सेकंदाला चौदा मीटर होतात. म्हणजे सायकल वळली हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी चौदा मीटर पुढे. हे आकडे शाळेत शिकलो होतो, पण तेव्हा त्यात मी कुठे नव्हतो.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता मीच देतो. मी मागे थांबायला हवं होतं. पुढे सिग्नल लाल होता, चित्रणात स्पष्ट दिसतोय. त्यांना ओलांडून मी तिथेच जाऊन उभा राहणार होतो.

ते गृहस्थ सापडले, तोही योगायोग. आमच्या पलीकडच्या सोसायटीत रात्रपाळीला असतात. संध्याकाळी सातला डबा घेऊन येतात, सकाळी सातला परत जातात. मी जाऊन सांगितलं, की ती गाडी माझी होती, चुकलं. त्यांना आठवेचना. कुठली गाडी म्हणाले. मी झाकणाचं सांगितल्यावर म्हणाले, 'अहो, तिथं तर आठवड्यातनं दोनदा तरी होतंय तसं.' मागचा दिवा घेऊन गेलो होतो. नको नको करत घेतला, मग मीच बसवला. उलटा बसला होता, त्यांनी नीट केला.

झाकणाचा फोटो काढून तक्रार नोंदवली आहे.

तीन_बाय_नऊ | रविवार, रात्री ९:४४

तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली तर परत उघडा, सोडू नका. आमच्या गल्लीतलं झाकण चौथ्या तक्रारीला वर आलं. इतकं वर, की आता ते गतिरोधक झालंय.

निवृत्त_कारकून | सोमवार, सकाळी ६:१५

माझी जुनी सायकल माळ्यावरून काढायचं घाटतंय. अठ्ठावीसचं चाक आहे, रिमला गंज. टायर-ट्यूब अजून मिळतात का कुठे? आणि तो तीनशेचा दिवा नेमका कुठला, फोटो टाका.

स्टेअरिंग_३२_वर्षं | सोमवार, सकाळी ६:४०

मिळतात. बुधवार पेठेत सायकलच्या दुकानांची ओळ आहे, तिथं विचारा. पण आधी ब्रेकचे रबर बघा काका, टायर नंतर.